सतरा नंबरची स्लाइड

“ताई, ही सतरा नंबरची बाजूला काढा. रंग फार चढलाय.” संशोधन करणाऱ्या मॅडमनी मायक्रोस्कोपवरून डोळे न उचलताच सांगितलं.

“रंग बरोबर आहे, मॅडम.”

आता मॅडमनी मान वर केली. प्रयोगशाळेत सगळेच जिला ताई म्हणत, ती बाई सव्वीस वर्षं स्लाइड करत होती. आजवर तिने कुणाला असं तोंडावर ‘नाही’ म्हटलं नव्हतं.

“अहो, बघा तरी. एकेक तपकिरी ठिपका म्हणजे एकेक संरक्षक पेशी. जंतू मारायला, कचरा उचलायला येतात त्या. आमवाताचा गुडघा असता तर मी समजले असते. पण हा पेशंट साध्या झिजेचा, आणि तीही जेमतेम. एक्स-रे जवळजवळ स्वच्छ आहे. मग गुडघ्याच्या अस्तरात एवढी गर्दी कशाला? उद्या विभागाच्या सरांसमोर ठेवली तर ते पहिलं हेच विचारतील, रंग नीट धुतला होता का म्हणून.”

ताईची नजर स्लाइडच्या लेबलावर गेली. नमुन्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. पेशंट कोण हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणूनच. पण तारीख असते. त्या मंगळवारी एकच तुकडा आला होता, दुर्बिणीने गुडघा तपासताना काढलेला. आणि त्या मंगळवारी ताई रजा टाकून ऑपरेशनच्या टेबलावर आडवी झाली होती. तुकडा अभ्यासासाठी घ्या म्हणून सहीही तिनेच केली होती.

हे सांगितलं तर नमुना बादच. नाही सांगितलं तर तिच्या हाताला दोष लावून बाद.

“त्या तुकड्याचा मेणातला ठोकळा आहे अजून,” ती म्हणाली. “नवे दोन काप घेते. एकावर सगळं करते. दुसऱ्यावरही सगळं तेच, फक्त त्या पेशींना धरणारं औषध तेवढं घालत नाही. दुसरा तपकिरी झाला तर चूक माझी. नुसता निळा राहिला तर पेशी खऱ्या. सोबत आणखी तीन नमुने लावते, नंबर झाकून. चार वाजेपर्यंत देते. तुम्हीच मोजा.”

“आणि आकडा तोच आला तर?”

“तर सतरा नंबर राहील.”

मॅडमना हसू आलं. “बरं बाई. चारपर्यंत.”

ताईने मेणाचा ठोकळा बर्फावर ठेवला, गार केला, पात्यासमोर बसवला. चाक फिरलं तशी केसाहून पातळ फीत सुटत गेली. कोमट पाण्यावर ती तरंगली आणि ताईने एका झटक्यात काचेवर उचलून घेतली. हात जराही हलला नाही. मग भट्टी, मग औषधं, मग धुणं. दिवसभर उभं राहायचं काम. दुपारी डावा गुडघा कुरकुरू लागला, तसा तो सात वर्षं कुरकुरतच होता. नवऱ्याने एक्स-रे खिडकीपाशी धरून निकाल दिला होता, “फोटोत तर काही नाही!” जावेचं म्हणणं, कामाची वेळ झाली की बरोबर गुडघा आठवतो. एका डॉक्टरांनी वजन कमी करा सांगितलं, दुसऱ्यांनी वय झालं म्हणून सांगितलं. तेव्हा ती चाळिशीत होती. मधे मधे तिला स्वतःलाही वाटायचं, आपण फारच लाड करून घेतोय का?

आज वाटलं नाही. रंग धुताना तिने घड्याळ लावलं, ते वाजलं, तरीही एक मिनिट जास्त धुतलं.

चार वाजता मॅडम मोजायला बसल्या. हातातलं मोजणीयंत्र टिकटिकत राहिलं. मग त्यांनी झाकलेले नंबर उघडले, पुन्हा सतरावर आल्या, पुन्हा मोजलं. शेवटी औषध न घातलेला काप लावला. नितळ निळा. तपकिरीचा थेंब नाही.

“हात तुमचा चुकला नव्हता, ताई. माफ करा.” त्या मागे रेलून बसल्या. “कुठला तरी ओरखडा निस्तरायला आल्या असतील या, आणि मग परत गेल्याच नाहीत. ठाण मांडून बसल्या. अस्तर सुजवतात, हाडांमधली मऊ गादी, म्हणजे कूर्चा, पोखरणारी रसायनं सोडतात. झीज नंतर दिसते, या आधीपासून असतात. एक्स-रेत येणार कशा? तिथे फक्त हाड दिसतं. या माणसाला किती दुखत असेल हो! आणि जो तो म्हणत असेल, काही नाही.”

त्यांनी तिथूनच सरांना फोन लावला. “सतरा नंबर ठेवतेय, सर. आकडे पाठवते. हो, रंगाची खात्री आहे.” आकडे पाठवून झाले, तेव्हा त्यांनी स्लाइडचा फोटो छापायला घेतला.

“एक प्रिंट मलाही काढा,” ताई म्हणाली.

“भिंतीवर लावायला?”

“घरी दाखवायला.”

बटणावरचं बोट तसंच राहिलं. मॅडमनी वळून पाहिलं. ताई टेबलाला टेकून उभी होती, सगळा भार उजव्या पायावर. मॅडमनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि कागदाचा आकार बदलला.

“मोठी काढते,” त्या म्हणाल्या. “लांबूनही दिसेल अशी.”