काचेवरची वाफ

आंबा घाटात समोरची काच पुरती धुरकटली. मृणाल गाडी चालवता चालवता ओढणीने पुसत होती, पण हात मागे घेतला की काच पुन्हा वाफ धरत होती. शेजारच्या सीटवर तिचे वडील, अण्णा, छाती दाबून खिडकीला टेकले होते. त्यांच्या श्वासाने तीही काच पांढरी झाली होती. कोल्हापूरचं हॉस्पिटल अजून लांब होतं.

"एसी लाव," अण्णा पुटपुटले.

"एवढ्या थंडीत?"

"लाव गं. हवा काचेवर सोड."

तिने लावला. काच हळूहळू निवळली, रस्त्याचा पांढरा पट्टा दिसू लागला.

"अण्णा, दिसायला लागलं."

तिने वळून पाहिलं. अण्णांचे डोळे मिटले होते आणि त्यांच्या ओठांसमोरची काचही लख्ख झाली होती.

तिने गाडी कडेला घेतली. अंगाला हात लावून पाहायचा धीर होईना. एसी बंद करून ती त्या काचेकडे बघत राहिली. काच कोरडीच राहिली. मग ओठांसमोर रुपयाएवढी वाफ उमटली, विरली, पुन्हा उमटली.

मृणालने गाडी काढली. समोरची काच ती ओढणीने पुसत राहिली. एसीच्या बटणाला मात्र तिने हात लावला नाही.