काचेच्या दारापुढची ताटी

रामकिसन गवंड्याने अंगणात माती कालवायला घेतली आणि जानरावांनी बायकोकडे पाठ फिरवली. तिच्या तोंडाकडे बघत त्यांना 'दार बुजव' म्हणता आलं नसतं.

दार काचेचं होतं. पुरुषभर उंच, अकोल्याहून कडब्यात गुंडाळून बैलगाडीने आणलेलं. पाय गेल्यापासून मनकर्णाबाईंची खाट बैठकीत होती, आणि पडल्या पडल्या बायकोला रस्ता दिसावा एवढ्याचसाठी जानरावांनी हा खटाटोप केला होता. केनवड गावातले लोक हसले. जानरावांनी त्यांना खुशाल हसू दिलं. पण दार पश्चिमेचं. वैशाख लागला तशी दुपार कलली की बैठकीची भट्टी व्हायची. आतून जाड पडदा लावून पाहिला, तर पडदाच तापला, वर रस्ताही दिसेना. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं, तर खालचा कोपरा तडकला. काल मनकर्णाबाईंना भोवळ आली, तेव्हा मात्र जानरावांचा धीर सुटला.

"मालक, आज दिवस बुडेपर्यंत इटा लावू नोका."

तांड्यावरून कामाला येणारी भुरीबाई डोक्यावर तुराट्यांचा, तुरीच्या वाळल्या काड्यांचा भारा घेऊन उभी होती.

"तू आता काय करतं वं?"

तिने भारा टाकला, तुराट्या पसरल्या आणि अंबाडीच्या दोरीने एकेक गुंफायला बसली. दोन तुराट्यांत बोटभर फट ठेवत होती. जानरावांना राहवेना.

"अवं, दाट बांध! फटीतून ऊन येईन ना!"

"दाट बांधली त बाईले काय दिसन? कुडाची भित?"

ताटी तयार झाल्यावर तिने ती दाराला लावलीच नाही. बाहेर, ओसरीच्या खांबांना बांधली, काचेपासून हातभर लांब.

"दाराले चिकटवून काहून नाही बांधत?"

"मंग ताटीचा ताप काचेले लागन. मधातून वारा जाऊ द्या," भुरीबाई गाठ आवळत म्हणाली. "तुमी पडदा आतून लावला, मालक. पाहुना माजघरात घेतल्यावर त्याले बाहीर बस म्हणता येते का? उन्हाले वसरीतच अडवा लागते."

रामकिसनने हसू दाबत फावडं बाजूला ठेवलं.

चार वाजले. ऊन ताटीवर येऊन आदळलं आणि बैठकीत त्याच्या नुसत्या बारीक रेघा उतरल्या. जानरावांनी भीत भीत काचेला तळहात लावला. रोज चटका बसून मागे यायचा तो हात तिथेच राहिला. काच कोमट होती, एवढंच. त्यांनी रामकिसनला आत बोलावून त्याचाही हात काचेवर ठेवला.

"मी त उगाच माती कालवली," रामकिसन म्हणाला.

"भुरीबाई," जानराव गवंड्यादेखत मोठ्याने म्हणाले, "काच मी आणली, पण अक्कल आणाची राह्यली होती. ते तुह्यापाशी निंगाली." या बाईपुढे आपण पाटी घेऊन बसावं असं त्यांना मनापासून वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

मनकर्णाबाई कुशीवर वळल्या होत्या. फटींतून रस्ता दिसत होता. धूळ, एक बकरी, पिंपळाचं वळण. सगळं रेघारेघांचं, पण सगळं.

"भुरे," त्या म्हणाल्या, "घरी जाताना वळणावर थांबजो. मले पाहू दे."

उन्हं कलल्यावर भुरीबाई निघाली. वळणावर थांबली. तिथून ताटीमागचं तिला काहीच दिसत नव्हतं. ना काच, ना खाट, ना बाई. तरी तिने मागे वळून हात वर केला.

आत मनकर्णाबाईंनीही हात वर केला, आणि ती पार दिसेनाशी होईपर्यंत खाली घेतला नाही.