घरचा कापूस

टप्प. दुपारच्या शांततेत कोकिळाच्या तोंडातलं रक्त पितळी वाटीत पडलं.

सकाळी धुळ्याच्या डॉक्टरांनी माझ्या लेकीची दाढ काढली होती. त्यांनी दिलेले बोळे एसटीनं साक्रीला पोचेपर्यंत संपले. मधल्या घरात यंदाचा कापूस आढ्यापर्यंत रचलेला होता. त्यातलाच चिमटून मी बोळे वळू लागले.

"दाबून धर, माझी माय. बोलायचं नाही."

पहिले दोन लालभडक निघाले. तिसरा पांढराशुभ्र निघाला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तरी एखादा हाताशी असावा म्हणून ढिगात खोल हात घातला. कापूस ओला लागला, कोमट. ओढून काढला, तर वळलेला बोळाच, रक्तानं भिजलेला. त्यावर बारीक दातांचे ठसे होते.

कोकिळानं तो निरखून पाहिला.

"आई, आतमध्ये कोणाची दाढ काढली गं?"