गुरुवारचं घर

“मीठ कमी झालं,” मुखरू म्हणाला.

स्वयंपाक देवाजीनंच केला होता. त्यानं मिठाची वाटी मुखरूच्या हाताला लावली. “घ्या वरून. माह्या ध्यानातच येत नाई. एकट्याच्या जेवणात काय पाहाचं मीठ अन् तिखट!”

मुखरूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यानं चाचपत भाताचं भांडं पुढं सरकवलं. “तुमी जेवा पहिले. समोरचा माणूस जेवला नाई तं माह्या घशाखाली घास उतरत नाई.”

म्हणून देवाजी जेवायचा. भात, लाखोळीचं वरण, कधी तलावातली मासोळी.

देवाजी जंगलखात्यात नाकेदार होता. सगळी नोकरी अहेरी-सिरोंचाकडच्या रानात गेली. निवृत्त झाल्यावर मूलला घर बांधलं, आणि दुसऱ्याच वर्षी पोळ्याच्या तोंडावर सुगंधाबाई गेली. मुलगा माजरीच्या कोळसा खाणीत. गावात ओळख अशी कुणाची नव्हती. शेजारचे लोक सुरुवातीला हाका मारायचे. दार उघडत नाही म्हटल्यावर तेही थांबले.

मग एका सकाळी सेवा मंडळाचे गुणवंतराव आले आणि दार उघडेपर्यंत ओट्यावर बसून राहिले.

हे मंडळ पटकीच्या साथीत निघालं होतं. घरची माणसं प्रेतं टाकून पळत होती, तेव्हा गावातल्या चार-पाच जणांनी मेलेल्यांना खांदा दिला, जगलेल्यांना बैलगाडीत घालून चांद्याच्या दवाखान्यात नेलं. साथ गेली, मंडळ राहिलं. आता दर सभासदाकडं एक घर असे. ज्याला कुणी नाही, त्याच्याकडं आठवड्यातून एकदा जाऊन बसायचं. दोन घास सोबत खायचे.

“आमाले माणसं कमी पडून राह्यले, देवाजीभाऊ,” गुणवंतराव म्हणाले. “तलावाच्या पाळीखाली एक मुखरू राह्यते. दिसत नाई त्याले. गुरुवारी संध्याकाळी जासान काय?”

“मी काय करू तिथी?”

“बसा. बोला. फक्त घरच्यांचं विचारू नका. त्याले नाई आवडत.”

देवाजीला नाही म्हणवलं नाही. आंधळा माणूस, त्यात एकटा.

मंडळाची बैठकही गुरुवारीच संध्याकाळी असायची, त्यामुळं देवाजीला तिकडं कधी जाता आलं नाही. त्याची त्याला रुखरुख वाटे. गुणवंतराव म्हणत, “काम करते तोच सभासद. बैठकीत काय ठेवलं आहे?”

हळूहळू देवाजीचा आठवडा गुरुवारभोवती फिरू लागला. तो सकाळीच दाढी करी, धुतलेलं धोतर नेसे, बाजारातून वांगी नाहीतर अंबाडीची जुडी घेई. बाकीचे दिवस तो कुणाशी बोलत नसे. बोलायचं ते मुखरूसाठी साठवून ठेवी.

“मंग? तो वाघ नाक्यापुढून उठला का नाई?” मुखरू विचारी. मग देवाजी तासभर सांगत राही.

एकदा बोलता बोलता सुगंधाबाईच्या शेवटच्या दिवसांवर गोष्ट आली. ते त्यानं मुलालाही सांगितलं नव्हतं. आंधळ्यापुढं रडायला माणसाला लाज वाटत नाही. मुखरूनं चाचपत त्याचा गुडघा शोधला आणि बराच वेळ हात तिथंच ठेवला.

परतताना देवाजीला मुखरूचीच कीव यायची. आपल्याला निदान माजरीला मुलगा आहे. या बिचाऱ्याला कोण? अंगण मात्र नेहमी सारवलेलं असे. शेजारची कुणी बाई करत असेल. गावात माणुसकी आहे अजून, असं मनात म्हणत तो घरी यायचा.

तिसऱ्या हिवाळ्यातल्या एका गुरुवारी तो गेला, तर अंगण माणसांनी भरलेलं. मुखरू दुपारीच गेला होता. बाया रडत होत्या. तीन-चार लहान पोरं “आबा, आबा” करत तिरडीला बिलगली होती.

देवाजी बघत राहिला. पुढं झालेल्या एका माणसाला त्यानं विचारलं, “तू कोण?”

“झाडू. थोरला पोरगा.”

“कुठी राह्यतं?”

“इथीच. आमी सारे इथीच राह्यतो.”

देवाजीचा आवाज चढला. “इथीच? अन् बाप आंधळा, एकटा बसून राह्यते! दोन वर्षं झाले, मी येऊन राह्यलो. एका गुरुवारी तुमच्यातलं एक माणूस दिसलं नाई मले! लाज नाई वाटत?”

झाडूची बायको काही बोलायला गेली. झाडूनं तिला हातानं थांबवलं. मग देवाजीपुढं हात जोडले.

“चुकलं, भाऊ.”

देवाजीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. खांदा द्यायला तो पुढं झाला आणि मसणवटीपर्यंत कुणाला बदलू दिलं नाही.

पुढचा गुरुवार आला. त्यानं सवयीनं दाढी केली, धोतर नेसलं, आणि मग जायचं कुठं ते कळेना. अंधारू लागल्यावर तो उठला आणि शाळेच्या ओसरीवर मंडळाच्या बैठकीला गेला. पहिल्यांदाच.

त्याला पाहून गुणवंतराव बोलता बोलता अडखळले. मग सरकून त्यांनी जागा दिली.

मुखरूसाठी सगळे उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, पटकीत पहिला खांदा त्यानं दिला होता. देवाजीला नवल वाटलं. मुखरू मंडळातला होता? दोन वर्षांत एका शब्दानं बोलला नाही!

सगळे खाली बसले. नुकताच बदलून आलेला एक मास्तर मागून म्हणाला, “मुखरूभाऊंकडं जे घर होतं, तिथं आता कोणी जायला पाहिजे ना?”

कुणी बोललं नाही. देवाजीला सगळ्यांचा राग आला. डोळे नसलेला माणूस कुणाचं तरी घर सांभाळत होता, आणि हे धडधाकट गप्प बसले होते. तो उभा राहिला.

“मी जातो. माहा गुरुवार आता रिकामाच आहे. कोनाचं घर होतं?”

गुणवंतरावांनी मान वर केली नाही.

“तुमचं, देवाजीभाऊ.”