जांभळं पाणी

जंतू क्लोरीनला दाद देईनासे झाले, तेव्हापासून गावोगावी पाण्यात जंतू मारणारा नीलद्राव टाकू लागले. जंतू जिवंत असेपर्यंत पाणी जांभळं दिसायचं. ते मेले की नितळ व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी कासारवेलीचं पाणी नितळ होतं, तरी कॉलऱ्याने एकोणीस जण गेले. त्यांत रेवती तांडेलची सात वर्षांची मुलगी होती. कुणीतरी रंग उडवणारी पूड टाकून पाणी शुद्ध भासवलं होतं. रेवतीला संशय मुख्य अभियंता गवांद्यांचा होता, पण पुरावा नव्हता. म्हणून तिने त्यांच्याच जलकेंद्रात नोकरी धरली.

आज नव्या टाकीचं उद्घाटन होतं. गवांदे माइकसमोर उभे असताना रेवतीने नितळ पाण्याचा पेला पुढे केला.

“घ्या साहेब,” ती हळूच म्हणाली. “तुमचीच पूड टाकलीय.”

गवांद्यांनी हात झटकन मागे घेतला. “वेड लागलंय का तुला? त्या पुडीने फक्त रंग जातो! जंतू तेव्हाही मेले नव्हते!”

माइक चालू होता. समोर बसलेली माणसं एकेक करून उठली.

गवांद्यांच्या डोळ्यांत बघत रेवतीने तो पेला तोंडाला लावला आणि रिकामा केला.

“पूड नव्हती, साहेब,” ती म्हणाली. “पाणी शुद्धच होतं.”