एकच वायर

"पासवर्ड सांगा ताई, मी इथूनच दुरुस्त करून देतो," फोनवरचा माणूस म्हणाला, आणि हेमावतीने पासवर्ड लिहिलेला इंटरनेट कंपनीचा कागद पुढे ओढला.

दुपारचे अडीच वाजले होते. तीनच्या आत तिला टाईप केलेल्या फायली इंटरनेटवरून पाठवायच्या होत्या. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांबद्दल जे बोलून ठेवतात ते ऐकून टाईप करायचं, असं घरबसल्या मिळालेलं काम. गेल्या महिन्यात एक फाईल उशिरा गेली तेव्हा ऑफिसने बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्या कुणाला देऊ. के. आर. पुरमच्या त्या घरात हेमावतीचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच एक होतं. आणि हा माणूस सांगत होता की तो इंटरनेट कंपनीतून बोलतोय, तुमच्या कनेक्शनमध्ये कुणीतरी घुसलंय, दहा मिनिटांत ते बंद पडेल. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

सुरुवातीला तो इंग्रजीत बोलत होता. तेव्हा ती जरा सावध होती, खोटं कशाला बोला. पण घाबरून तिने आत सासूला हाक मारली, "आई, नेट बंद पडतंय म्हणे," ते त्याने ऐकलं आणि गडी लगेच मराठीवर आला. झालं. दाराशी कानडी, बाजारात तमिळ, बँकेत इंग्रजी. बेंगळुरात बाहेरून मराठी आवाज आला की ह्या घरातली माणसं विरघळलीच म्हणून समजा. हेमावतीला तो परका वाटेना.

"पहिलं अक्षर?"

"एस," ती म्हणाली. "मग ए."

तेवढ्यात भागीरथीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कोण गं?"

"कंपनीचे आहेत. आपले मराठीच आहेत."

मराठी म्हटल्यावर सासूबाई कसल्या थांबतात? कुठले, कुणाचे, बायको कुठली, हे विचारल्याशिवाय त्यांनी आजवर एकाही मराठी माणसाला सोडलेलं नव्हतं. मागे गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला निपाणीचा कल्लाप्पा अर्धा तास दारात अडकून पडला होता, बिचारा. हेमावतीला ह्या सवयीची भारी लाज वाटायची. आताही ती नको नको म्हणेपर्यंत रिसीव्हर सासूबाईंच्या कानाला लागला.

"काय अण्णा, कुठलं गाव तुमचं?"

पलीकडचा आवाज एवढा चढला की हेमावतीलाही नीट ऐकू आलं. "आजी, गावाचं नंतर. तुमचं नेट आत्ता चालू आहे, मला समोर दिसतंय. चोर आत बसलाय. ताईंना उरलेली अक्षरं सांगायला लावा."

भागीरथीबाईंचं गाव तोंडातच राहिलं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. घरात टेलिफोनची वायर एकच. ती फोनमधून काढून मोडेममध्ये खोचली की नेट चालू व्हायचं आणि फोन मुका व्हायचा. मल्लेश्वरमच्या अक्काचा, म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचा, फोन लागत नाही म्हणून ह्या वायरीवरून सासूसुनेचं रोज वाजायचं. ती वायर काढणारी हेमावतीच, पण घाबरल्यावर कुणाला काय सुचतं? रोज भांडणाऱ्या बाईला मात्र सुचलं.

"आमचं नेट चालू असलं की हा फोन वाजतच नाही हो," त्या सावकाश म्हणाल्या. "मग तुमचा कसा वाजला?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

हेमावतीने कागदावर छापलेला कंपनीचा नंबर फिरवला. तिथली मुलगी कानडीत म्हणाली, आम्ही पासवर्ड कधीच विचारत नाही मॅडम. हे लोक तो काढून घेतात आणि तुम्ही पैसे भरून घेतलेले इंटरनेटचे तास वापरून संपवतात. परवा व्हाइटफील्डच्या एका गिऱ्हाइकाचे सगळे तास असेच गेले. पुन्हा कुणी विचारलं तर फोन ठेवायचा आणि आमच्याच नंबरावर कळवायचं. दोन अक्षरं गेली आहेत ना, मग आजच्या आज पासवर्ड बदला.

तिचा जीव भांड्यात पडला. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण सासूबाईंचा हात असा घट्ट तिने कधी धरला नव्हता.

"आई, तुम्ही नसता तर मी सगळं सांगून मोकळी झाले असते. माझं काम गेलं असतं. तुमचे उपकार कसे फेडू?"

"सरी, सरी, असू दे," भागीरथीबाई हात सोडवून घेत म्हणाल्या. त्यांना असलं बोलणं झेपायचं नाही. "उपकार मागनं फेड. तीन वाजायला आलेत."

तीनला चार मिनिटं असताना शेवटची फाईल गेली. मग हेमावतीने पासवर्ड बदलायचं पान उघडलं. भागीरथीबाई खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"आता काय ठेवतेस?"

"सांगायचं नसतं आई. कुणालाच."

"मलापण?"

"तुम्हालापण."

ते त्यांना पटलं. हेमावती क्षणभर थांबली. मग चाळीस वर्षांत ह्या घरात कुणी न घेतलेलं, फक्त अक्काच अजून ज्याने हाक मारते ते सासूबाईंचं माहेरचं नाव तिने टाईप केलं, एकही अक्षर न चुकवता.

भागीरथीबाईंनी चष्मा पुसला आणि वाकून पडद्याकडे पाहिलं. त्यांना नुसत्या फुल्या दिसल्या.