यंत्र सोडून देतं त्या ओळी

ब्लाउज शिवणाऱ्या कुमुदताई मापांच्या ॲपची फाइल घेऊन फोनच्या दुकानात आल्या. फाइलमधल्या पंधरा साध्या मराठी ओळी दिल्या की यंत्र नव्या फोनवर अख्खं ॲप बांधून देई. त्या ओळी त्यांच्या नवऱ्याने लिहिल्या होत्या. तो वेगळा राहायला लागून सहा वर्षं झाली, पण फाइल अजून दोघांच्या नावावर होती. दोघांपैकी कुणीही तिच्यात काही बदललं की ताईंच्या फोनवरचं ॲप बदले.

“अक्षरं केवढी ठेवू?” दुकानातल्या शबानाने विचारलं.

“आहेत तेवढीच. साठीला आले, पण चष्मा लागत नाही मला.”

फाइल वाचता वाचता शबाना थांबली. “ताई, काही ओळींच्या आधी फुली आहे. यंत्र त्या सोडून देतं, माणसांसाठी असतात त्या. दर दिवाळीला एक लिहिलीय.”

“वाच बघू.”

“‘अक्षरं थोडी मोठी केली. तिला कळता कामा नये.’ सहाही वर्षं हेच.”

कुमुदताईंनी जुना फोन उघडून त्यातली अक्षरं न्याहाळली.

“त्या ओळी काढून टाकू?” शबानाने विचारलं.

“नको गं. खाली अजून एक लिही. ‘चष्म्याचा नंबर काढायला जायचंय. सोबत येता का?’”

शबानाने ओळ लिहिली आणि तिच्याआधी आठवणीने फुली मारली.